गोलाचे घनफळ आणि आपले गणिती आचार्य

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाने प्रेमळ आज्ञा केली, तेव्हा प्रथम मन संकोचले. प्रस्तुत लेखक व्यवसायाने कापड व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या गादीवर बसलो, त्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. विद्वत्तेचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु गेल्या वर्षभरात एका चुकीच्या निमित्ताने जो विषय वाचण्यात आला, तो आपल्या परंपरेशी निगडित आहे आणि समाजबांधवांना तो सांगितला पाहिजे, असे मनापासून वाटले. म्हणून हे धाडस.

चूक माझीच आहे. तेव्हा तिच्यापासूनच आरंभ करतो.

एका लाडवाची गोष्ट

भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, दिवाळीच्या पहाटे, निर्वाण लाडू चढवल्यानंतर उपस्थित श्रावक-श्राविकांना प्रभावना म्हणून बुंदीचा लाडू देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. दरवर्षी दोन इंच व्यासाचे एक हजार लाडू होतात. सुवर्णमहोत्सवी वर्ष असल्याने या वेळी लाडू थोडा मोठा, अडीच इंचांचा, करावा असे सभेत ठरले. खजिनदार या नात्याने सामानाचा अंदाज देण्याचे काम माझ्याकडे आले. दोनाचे अडीच म्हणजे सव्वापट. बेसन, साखर, तूप सर्व काही मागील वर्षाच्या सव्वापट आणावे, असे मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले. सभेने ते मान्य केले. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही.

आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आचाऱ्याचा निरोप आला, की सामान संपले असून लाडू साडेसहाशेच्या आतच झाले आहेत. मी धावत गेलो. सामान कोठे सांडले, कोठे मुरले, असा संशयही माझ्या मनात आला, हे येथे लाजेने कबूल करतो. मोजणी केली. लाडू ६४० भरले. आचारी शांतपणे म्हणाला, "शेठजी, लाडू एका बाजूने वाढत नाही, चहूकडून वाढतो."

सूर्यास्तापूर्वी चूल बंद झाली पाहिजे, हा आपला नियम. बाजारातून मिळेल तेवढे सामान आणले आणि उरलेले ३६० लाडू जुन्याच मापाने, दोन इंचांचे, वळवून घेतले. वाढीव खर्च माझ्या नावे लिहिला. पैशाचा प्रश्न तेथे मिटला. परंतु दुसऱ्या दिवशी रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या एका वृद्ध मातोश्रींनी पुढच्यांच्या हातातील लाडवाकडे आणि आपल्या हातातील लाडवाकडे पाहून विचारले, "भाऊ, मागच्यांना लहान का रे?" या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

त्या सायंकाळी दहावीत शिकणाऱ्या नातीला हिशेब विचारला. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही नुसते सव्वा धरले. सव्वाचा घन करायला हवा होता." सव्वा गुणिले सव्वा गुणिले सव्वा. उत्तर आले जवळजवळ १.९५. म्हणजे सामान सव्वापट नव्हे, तर दुपटीला थोडेसेच कमी लागत होते. सव्वापट सामानात एक हजारांऐवजी ६४० लाडू व्हावेत, हे गणिताने नेमके तेवढेच दाखवले. आचाऱ्याने एक कणही वाया घालवला नव्हता.

घन म्हणजे काय?

आम्हा कापड व्यापाऱ्यांचे सारे आयुष्य लांबीत जाते. ताग्याची लांबी दुप्पट, किंमत दुप्पट. फार तर चादरीचा वा गालिच्याचा हिशेब करताना लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट झाली, की कापड चौपट लागते, इतके आमच्या अंगवळणी पडलेले असते. तिसरी दिशा आमच्या मीटरपट्टीत नाही. गोल वस्तू मात्र तिन्ही दिशांनी वाढते. त्रिज्या दुप्पट झाली की घनफळ आठपट, तिप्पट झाली की सत्तावीसपट, दसपट झाली की हजारपट.

खरे म्हणजे याचा दाखला आमच्या दुकानातही होता. सुताचा गुंडा सर्वांनी पाहिला आहे. एक इंच व्यासाचा गुंडा आणि तितक्याच घट्ट गुंडाळलेला दोन इंच व्यासाचा गुंडा शेजारी ठेवले, तर डोळ्याला दुसरा दुप्पट वाटतो. त्यात सूत मात्र आठपट असते. वडील म्हणत, "गुंडा डोळ्याने घेऊ नये, तराजूने घ्यावा." त्यामागील गणित समजण्यास मला पन्नास वर्षे लागली.

वाढीचे प्रमाण लहान असतानाही हा नियम सुटत नाही. त्रिज्या शेकडा १ ने वाढली तर घनफळ सुमारे शेकडा ३ ने वाढते. शेकडा १० ने वाढली तर ३३.१ ने. आणि शेकडा २६ ने वाढली, म्हणजे डोळ्याला पावपट वाढल्यासारखे दिसते तेव्हा, घनफळ दुप्पट झालेले असते.

आपल्या परंपरेला घन हा शब्द परका नाही. लोकाचे घनफळ ३४३ घनराजू, हे पाठशाळेत आपण सर्वांनी पाठ केले आहे. ३४३ हा सातचा घन होय. परंतु पाठ केलेली संख्या आणि समजलेली संख्या यांत अंतर असते, याचा अनुभव मी वर सांगितलाच आहे.

राष्ट्रकूटकाळातील गणिती

ट्रस्टच्या ग्रंथालयात सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेची पुस्तके आहेत. त्यांतच महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' मिळाला. नातीच्या वाक्याने लागलेली ओढ मला या ग्रंथापर्यंत घेऊन गेली.

महावीराचार्य इ. स. ८५० च्या सुमारास होऊन गेले. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचा तो काळ. अमोघवर्षांनी इ. स. ८१४ पासून सहा दशकांहून अधिक काळ राज्य केले. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांच्याच सत्तेखाली होता आणि वेरूळची जैन लेणी याच राजवटीच्या काळात आकारास आली. आदिपुराणकार जिनसेनाचार्य यांचा सम्राटावर मोठा प्रभाव होता. अशा वातावरणात महावीराचार्यांनी संस्कृतमध्ये अकराशेहून अधिक श्लोकांचा केवळ गणिताला वाहिलेला ग्रंथ रचला. तत्पूर्वीचे गणित बहुधा ज्योतिषग्रंथांतील एखाद्या अध्यायात असे. येथे ते स्वतंत्रपणे उभे आहे. व्याज, भागीदारी, सोन्याचा कस, धान्य, विहिरी, भिंती अशी व्यवहारातील असंख्य उदाहरणे त्यात आहेत. व्यापाऱ्याने वाचावा असाच हा ग्रंथ आहे. पुढे अकराव्या शतकात पावुलूरी मल्लना यांनी तो तेलुगूत आणला.

या ग्रंथातील 'खातव्यवहार' या भागात गोलाच्या घनफळाचा नियम आहे. त्याचा आशय असा : व्यासाच्या अर्ध्याचा, म्हणजे त्रिज्येचा, घन करावा. त्याचे अर्धे करून त्यास नऊने गुणावे. हे व्यावहारिक घनफळ. या व्यावहारिक फळास नऊने गुणून दहाने भागावे. हे सूक्ष्म घनफळ.

आजच्या भाषेत सांगायचे तर व्यावहारिक घनफळ त्रिज्येच्या घनाच्या ४.५ पट आणि सूक्ष्म घनफळ ४.०५ पट. आज शाळेत शिकवले जाणारे खरे उत्तर त्रिज्येच्या घनाच्या ४.१८८८ पट, म्हणजे परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराच्या चार-तृतीयांश पट आहे. याचा अर्थ व्यावहारिक नियम शेकडा ७.४ ने जास्त उत्तर देतो आणि सूक्ष्म नियम शेकडा ३.३ ने कमी.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. अशा स्मरणिकांतून आणि व्यासपीठांवरून पुष्कळदा ऐकू येते, की आपल्या आचार्यांना सर्व काही अचूक ठाऊक होते. श्रद्धेपोटी असे बोलले जाते, हे मी जाणतो. परंतु हिशेबाच्या वहीत श्रद्धेचा रकाना नसतो. महावीराचार्यांचे सूक्ष्म घनफळही पूर्ण अचूक नव्हते, हे मान्य केल्याने त्यांची थोरवी उणी होत नाही. उलट ती नेमकी कशात होती, हे पाहण्याचा मार्ग मोकळा होतो.

इतरांचे प्रयत्न

ती थोरवी समजण्यासाठी त्यांच्या आधीचे चित्र पाहावे लागते. थोर गणिती आर्यभट यांनी इ. स. ४९९ च्या ग्रंथात गोलाचे घनफळ काढण्यासाठी वर्तुळाच्या क्षेत्रफळास त्याच क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने गुणावे, असे सांगितले. चौरसाचे क्षेत्रफळ त्याच्या बाजूने गुणले की घनफळ मिळते, त्याच धर्तीवर हा विचार असावा. परंतु गोलाला तो लागू पडत नाही. उत्तर शेकडा ३३ ने जास्त येते. ज्यांनी परीघ आणि व्यासाचे गुणोत्तर ३.१४१६ इतके सूक्ष्म दिले, त्याच आर्यभटांचा हा नियम इतका चुकावा, ही इतिहासातील विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

आर्यभटांचे भाष्यकार पहिले भास्कर यांनी इ. स. ६२९ मध्ये लोखंडी गोळ्याच्या घनफळाचा एक व्यवहारातील नियम नोंदवला. तो नेमका त्रिज्येच्या घनाच्या अर्ध्यास नऊने गुणण्याचाच आहे. म्हणजे महावीराचार्यांच्या दोनशे वर्षे आधी हा नियम प्रचारात होता. भाष्यकारांनी तो स्थूल मानून आर्यभटांचा नियम सूक्ष्म मानला. वास्तविक व्यवहारातील नियमच सत्याच्या अधिक जवळ होता!

विशेष म्हणजे हाच गुणक चीनमधील 'गणिताचे नऊ अध्याय' या प्राचीन ग्रंथातही आढळतो. तेथील टीकाकार लिऊ हुई यांनी इ. स. २६३ मध्ये त्याचे मर्म उलगडले. चौरसात बसणारे वर्तुळ स्थूलमानाने चौरसाच्या पाऊणपट. म्हणून घनात बसणारी वृत्तचिती, म्हणजे गोल डब्यासारखी आकृती, घनाच्या पाऊणपट. आणि तिच्यात बसणारा गोल पुन्हा तिच्या पाऊणपट, असे गृहीत धरले, की नऊ-सोळांश हा गुणक निघतो. दुसरी पाऊणपट चूक आहे, हे लिऊ हुई यांनी दाखवून दिले. मात्र योग्य उत्तर आपल्याला सापडले नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आणि तो प्रश्न पुढील काळातील समर्थ अभ्यासकावर सोपवला. सुमारे अडीचशे वर्षांनी झू गेंग यांनी तो सोडवला.

वृत्तचितीच्या पाऊणपट नव्हे, तर दोन-तृतीयांश, हे खरे उत्तर ग्रीक गणिती आर्किमिडीज यांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच सिद्ध केले होते. त्यांना या शोधाचा इतका अभिमान होता, की त्यांच्या समाधीवर वृत्तचिती आणि तिच्यात बसवलेला गोल कोरला होता. इ. स. पूर्व ७५ मध्ये रोमन वक्ता सिसेरो यांनी सिराक्यूजजवळ झाडाझुडपांत हरवलेली ती समाधी याच खुणेवरून ओळखली.

महावीराचार्यांची थोरवी आता स्पष्ट होते. आर्यभटांसारख्या महान पूर्वसूरींचा नियम त्यांनी डोळे झाकून स्वीकारला नाही. व्यवहारातील नियम घेतला, तो व्यवहारापुरता आहे असे स्पष्ट नाव देऊन मांडला, आणि त्यात दुरुस्ती करून सत्याच्या अधिक जवळचा दुसरा नियम त्याच्या शेजारी ठेवला. शेकडा ३३ ची चूक शेकडा ३.३ वर आली. व्यवहार आणि निश्चय अशा दोन नयांनी वस्तूकडे पाहण्याची सवय असलेल्या परंपरेत हा गणिती वाढला होता, हे येथे सहज आठवते.

मोहरीचे दाणे

हा नियम आपल्या परंपरेत पुढेही चालू राहिला. दहाव्या शतकातील नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या 'त्रिलोकसार' या प्राकृत ग्रंथात गोलाचे घनफळ त्रिज्येच्या घनाच्या साडेचारपट असेच दिले आहे. तेथे प्रसंग आहे अतिविशाल कुंडात मोहरीचे दाणे भरून असंख्यात संख्येची कल्पना देण्याचा. मोहरीचा दाणा गोल असतो. म्हणून दाण्यांची संख्या काढण्यासाठी गोलाचे घनफळ हवे.

त्याच धाटणीचा हिशेब यतिवृषभांच्या 'तिलोयपण्णत्ती' ग्रंथात पल्याच्या संदर्भात येतो. एक योजन व्यासाचा आणि एक योजन खोल वर्तुळाकार खड्डा, त्याचे घनफळ १९/२४ घनयोजन. परीघाचे गुणोत्तर दहाच्या वर्गमुळाइतके, म्हणजे स्थूलमानाने १९/६, धरून ते काढले आहे. काळाचे माप समजावून सांगतानाही आचार्यांनी आधी घनफळ मोजले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. केवळ 'खूप मोठे' असे म्हणून ते थांबले नाहीत.

पाटणचे भास्कराचार्य

या मालिकेतील श्रीधराचार्य यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांनी व्यासाच्या घनाचे अर्धे करून त्यात त्याचाच अठरावा भाग मिळवण्यास सांगितले. हे उत्तर खऱ्यापेक्षा अवघे शेकडा ०.८ ने जास्त आहे.

परंतु आपल्या देशात हा प्रश्न पूर्णत्वास नेला तो दुसरे भास्कराचार्य यांनी. त्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ चा. 'लीलावती' हा ज्याचा भाग मानला जातो तो 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, पूर्ण केला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाची नोंद करणारा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला.

भास्कराचार्यांनी आधी गोलाचे पृष्ठफळ काढले. मातीचा वा लाकडाचा गोल घेऊन त्यावर आवळ्याच्या फाकांप्रमाणे रेषा आखाव्यात आणि एकेका फाकेचे क्षेत्रफळ मोजावे, असे त्यांनी समजावले. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट भरते. मग घनफळ. गोलाच्या पृष्ठावर लहान लहान चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनापासून केंद्रापर्यंत निमुळती होत जाणारी सूची कल्पिली, तर सारा गोल अशा सूचींनी भरून जातो. प्रत्येक सूचीची उंची त्रिज्येइतकी आणि तिचे घनफळ तळाच्या क्षेत्रफळाच्या व उंचीच्या गुणाकाराचा तिसरा भाग. सर्वांची बेरीज केली, की पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा. हे उत्तर पूर्णतः बरोबर आहे.

'लीलावती'त व्यास ७ असलेल्या गोलाचे उदाहरण आहे. त्याच गोलाला सर्वांचे नियम लावून पाहिले, तेव्हा मिळालेली उत्तरे अशी :

आर्यभट : सुमारे २३८.७
महावीराचार्य, व्यावहारिक : सुमारे १९२.९
महावीराचार्य, सूक्ष्म : सुमारे १७३.६
श्रीधराचार्य : सुमारे १८१.०
भास्कराचार्य : १७९.५९

आजचे उत्तरही १७९.५९ च आहे. हा तक्ता मी दुकानातील कॅल्क्युलेटरवर दोनदा ताडून पाहिला. साडेसहाशे वर्षांच्या अवधीतील ही वाटचाल त्यात एका दृष्टिक्षेपात दिसते.

थरावर थर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्रिज्या वाढली की घनफळ कसे वाढते?

पुन्हा सुताचा गुंडा डोळ्यांसमोर आणावा. त्रिज्या एक असलेल्या गुंड्यात जितके सूत, ते एक माप धरू. त्रिज्या एकाची दोन करण्यासाठी वर जो थर चढतो, त्यात ७ मापे सूत लागते. दोनाची तीन करण्यासाठी १९ मापे. तिनाची चार करण्यासाठी ३७. नवाची दहा करण्यासाठी २७१. थराची जाडी प्रत्येक वेळी तीच, पण सूत वाढत जाते. कारण प्रत्येक नवा थर आधीपेक्षा मोठ्या पृष्ठावर चढतो. भास्कराचार्यांनी पृष्ठफळावरून घनफळ काढले, त्यातील संबंध हाच आहे. पातळ थराचे घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले जाडी. थर जितका पातळ, तितका हा हिशेब अधिक अचूक.

१, ७, १९, ३७ या संख्यांचे रहस्य महावीराचार्यांच्या ग्रंथातच दडलेले आहे, हे लक्षात आले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. घन काढण्याची एक रीत त्यांनी अशी दिली आहे : लगतच्या दोन-दोन संख्यांचे गुणाकार करून त्यांची बेरीज करावी, तिला तिनाने गुणावे आणि मूळ संख्या मिळवावी. उदाहरणार्थ, तिनाचा घन काढायचा आहे. एक गुणिले दोन म्हणजे २, दोन गुणिले तीन म्हणजे ६. बेरीज ८. तिची तिप्पट २४. त्यात ३ मिळवले, २७ झाले. या रीतीने पुढे जाताना प्रत्येक पायरीला लगतच्या दोन संख्यांच्या गुणाकाराची तिप्पट अधिक एक इतकी भर पडते. नऊ आणि दहा यांचा गुणाकार ९०, त्याची तिप्पट २७०, अधिक एक २७१. आपल्या गुंड्याच्या शेवटच्या थराचे सूत! आचार्यांनी ही रीत संख्यांसाठी सांगितली. तिच्यात मला गुंड्याचे थर दिसले, ते कदाचित माझ्या व्यवसायामुळे असेल.

ग्रंथ आपल्यापर्यंत कसे आले?

हे ज्ञान आज घरबसल्या वाचता येते, त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. 'गणितसारसंग्रह' प्रथम छापला गेला तो १९१२ मध्ये मद्रास येथे. प्रा. एम. रंगाचार्य यांनी हस्तलिखितांवरून संपादन करून इंग्रजी भाषांतरासह तो प्रसिद्ध केला. प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढला. त्याच संस्थेने त्यापूर्वी 'तिलोयपण्णत्ती'चे दोन भाग डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली प्रकाशित केले होते. वीरसेनाचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केलेल्या 'धवला' टीकेतही घनफळाचे सूक्ष्म गणित आहे. ती शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर राहिली आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून आपल्या महाराष्ट्रातील अमरावतीहून प्रकाशित होऊ लागली. सोलापूर आणि अमरावती येथील श्रेष्ठींनी आणि विद्वानांनी हे कार्य केले नसते, तर आज आपण अभिमान तरी कशाचा बाळगला असता?

अशा ग्रंथांच्या कपाटाची किल्ली आपल्या ट्रस्टकडे कित्येक वर्षे आहे. मी ते कपाट लाडू चुकल्यानंतर उघडले. आपण ते त्याआधीच उघडावे, अशी समाजातील तरुणांना नम्र विनंती.

पाच नियम, एक घन

या साऱ्या अभ्यासातून मला गवसलेली एक गोष्ट सांगून लेख आवरता घेतो.

माझ्या लाडवाचा हिशेब मी वरील प्रत्येक नियमाने करून पाहिला. दोन इंचांचा लाडू आणि अडीच इंचांचा लाडू यांचे प्रमाण आर्यभटांच्या नियमाने काढा, महावीराचार्यांच्या व्यावहारिक वा सूक्ष्म नियमाने काढा, श्रीधराचार्यांच्या किंवा भास्कराचार्यांच्या नियमाने काढा. उत्तर एकच येते, १.९५ पट. कारण गुणक प्रत्येकाचा वेगळा असला तरी तो दोन्ही लाडवांना सारखाच लागतो आणि भागाकारात निघून जातो. उरतो तो केवळ घन. गुणकाविषयी आचार्यांत शतकानुशतके मतभेद राहिले. घनाविषयी एकाचेही मत वेगळे नव्हते.

म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा स्थूलातील स्थूल नियम जरी मला त्या सभेत आठवला असता, तरी रांगेतील शेवटच्या मातोश्रींच्या हातात पुढच्यांइतकाच लाडू पडला असता. आर्यभटांची चूक गुणकाची होती. माझी चूक त्याहून मोठी होती. मी वस्तूच्या तीन दिशांपैकी एकच पाहिली. पदवी, चाळीस वर्षांचा व्यवहार आणि हाताशी असलेला कॅल्क्युलेटर यांपैकी काहीही त्या वेळी उपयोगी पडले नाही, कारण प्रश्न मुळात नीट पाहिलाच नव्हता.

पन्नास वर्षांत आपली संस्थाही वाढली. सभासद वाढले, पाठशाळा वाढली, अपेक्षाही वाढल्या. संस्था थोडी मोठी झाली, म्हणजे काम थोडेच वाढले, असे आम्हा कार्यकर्त्यांना अनेकदा वाटते आणि मग शेवटच्या रांगेतील माणसाला उणे पडते. पुढील पन्नास वर्षांचा अंदाज बांधताना नव्या पिढीने घनाचा विचार ठेवावा, इतकीच अपेक्षा.

येत्या निर्वाणदिनीही लाडू अडीच इंचांचाच ठेवावा, असा प्रस्ताव मी सभेत मांडला आहे आणि सामानाची यादी नातीकडून तपासून घेतली आहे. वाटपास रांगेच्या शेवटापासून आरंभ व्हावा, अशीही विनंती केली आहे.

लेखात काही उणे-अधिक लिहिले गेले असल्यास सुज्ञ वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.

जय जिनेंद्र!